पहिलटकरीण आनंदी

आनंदीबाई जोशी म्हटलं की नऊवारीतली, अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेली मुलगी आपल्या डोळ्यांपुढे येते. परीक्षेतही तेवढंच विचारतात. पदवी १८८६, मृत्यू १८८७. तिचं बाळंतपण मात्र एका वाक्यात उरकलं जातं: चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. मला वाटतं, या वाक्यापाशी थोडं थांबावं.

१८६५ साली जन्मलेली ही यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं, नवरा बिजवर आणि वीसेक वर्षांनी मोठा. त्या काळी कायद्याने संमतीवय होतं फक्त १०. ते १२ व्हायला १८९१ साल उजाडलं, आणि तेवढ्यासाठीही पुण्यात केवढं रण माजलं! त्यामुळे चौदाव्या वर्षी मूल झालं यात कुणाला काही वावगं वाटलं नसणार.

तेव्हाचं बाळंतपण कसं असे? अंधारी, कोंदट खोली, शेगडी, धुरी आणि हाताशी सुईण. अडलेल्या बाईलाही पुरुष डॉक्टरला दाखवायचा संकोच, आणि बाई डॉक्टर तर नव्हतीच. पाचवी पुजायची, सटवी काय लिहून जाते त्याची वाट पाहायची. सोयर दहा दिवसांचं, बारसं बाराव्या दिवशी. म्हणजे आनंदीचं बाळ सोयर फिटतं न फिटतं तोच गेलं. पाळण्यात घालून नाव ठेवायचा दिवस आलाच नाही.

अशी बाळं तेव्हा घरोघरी जात. 'देवाने दिलं, देवाने नेलं' म्हणून बाया पदर डोळ्यांना लावत आणि कामाला लागत. या मुलीने ते नशिबावर सोडलं नाही. उपचार मिळाले असते तर? हा प्रश्न तिने धरून ठेवला. १८८३ मध्ये सेरामपूरच्या सभेत तिने सांगितलं, या देशाला स्त्री डॉक्टर हव्यात. पुढे फिलाडेल्फियाच्या कॉलेजात प्रबंधाला विषय निवडला तोही प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली, पण क्षयाने त्या आधीच खंगल्या होत्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नाहीत. एकाही बाळंतिणीची सुटका आपल्या मुलखात त्यांच्या हातून व्हायची राहून गेली.

त्यांचं स्वप्न पुढच्यांनी पुष्कळ पुरं केलं. २०१८-२० या काळात महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या; देशाचा आकडा ९७ होता. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आणखी एक आकडा आहे. आपल्या राज्यातल्या २० ते २४ वयाच्या शंभरातल्या जवळजवळ २२ जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती.

डॉक्टर आनंदीबाईंचे पुतळे आपण हौसेने उभारू. या बावीस जणींमध्ये मात्र मला ती चौदा वर्षांची आनंदीच दिसते.