परसदारी खेळ, पण सुरक्षित

कोकणातील मुलांचे पहिले क्रीडांगण म्हणजे घराचे परसदार. रत्नागिरी परिसरात तेथे विहीर, माड आणि जांभ्याचे गडगे असतात. खेळाची जागा आखताना प्रथम त्यांचाच विचार करावा.

विहीर : कठडा उंच असावा व तोंडावर लोखंडी जाळी कायम बसवावी. चढता येईल असा चिरा वा पिंप कठड्यालगत ठेवू नये.

झोपाळा : माडाखाली खेळ नको, नारळ किंवा झाप डोक्यात पडून गंभीर इजा होते. झोपाळा फणसाच्या जाड, निरोगी फांदीला टांगावा. भोवती किमान सहा फूट जागा मोकळी ठेवावी. जांभ्याची जमीन कठीण असते, म्हणून खाली फूटभर वाळू पसरावी.

फुरसे : या विषारी सापासाठी रत्नागिरी जिल्हा इतका कुप्रसिद्ध होता, की १९ व्या शतकात ब्रिटिश सरकार ते मारणाऱ्यास बक्षीस देई. गडग्याच्या फटी, रचलेले चिरे, सरपण व पातेरा या त्याच्या लपण्याच्या जागा. मुलांनी तेथे हात घालू नये. दंश झाल्यास जखम कापू नये, करकचून बांधू नये. तो अवयव स्थिर ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे.

पावसाळा : जांभ्यावरील शेवाळ वेळोवेळी खरवडावे.

एवढी दक्षता घेतली, की लगोरी, विटीदांडू, करवंट्यांची भातुकली यांना फारसा खर्च लागत नाही. लहानग्यांवर मात्र मोठ्यांची नजर सतत हवी.