पुण्यातील लहान विशेष संग्रहालये आणि ग्रामीण इतिहासाचा शोध

प्रस्तावना

इतिहासाचे साधन म्हटले की सामान्यतः कागदपत्रे, बखरी, शिलालेख व ताम्रपट यांचा विचार केला जातो. परंतु ज्यांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही, अशा समाजघटकांचा इतिहास कागदांत अभावानेच सापडतो. स्वयंपाक करणारी स्त्री, दिवा घडविणारा तांबट, माती मळणारा कुंभार, डोंगरकपारीत राहणारा आदिवासी यांची साक्ष त्यांनी बनविलेल्या आणि वापरलेल्या वस्तूच देतात. अशा वस्तूंचे जतन करणारी जागा म्हणजे संग्रहालय होय.

पुणे हे पेशवाईची राजधानी, पुढे ब्रिटिशांची लष्करी छावणी आणि एकोणिसाव्या शतकापासून विद्येचे केंद्र म्हणून ओळखले जाते. शनिवारवाडा, आगाखान पॅलेस ही तेथील स्थळे शैक्षणिक सहलींच्या कार्यक्रमात नेहमीच असतात. त्यांच्या तुलनेने एकेका विषयाला वाहिलेली लहान संग्रहालये मात्र दुर्लक्षित राहतात. प्रस्तुत निबंधात या संग्रहालयांपैकी काहींच्या निर्मितीचा आढावा घेतला असून, टेंभुर्णी, जाफराबाद, भोकरदन यांसारख्या ग्रामीण परिसरातील इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यांच्या भेटीतून नेमके काय मिळू शकते, याचा विचार केला आहे.

संग्रहालयांची पार्श्वभूमी

भारतात आधुनिक अर्थाने संग्रहालयाची सुरुवात 1814 मध्ये कलकत्ता येथे एशियाटिक सोसायटीच्या पुढाकाराने झाली. मुंबईत आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे संग्रहालय 1872 मध्ये लोकांसाठी खुले झाले, तर प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय 1922 मध्ये उघडले गेले. ही मोठी संग्रहालये सर्वसंग्राहक होती. निसर्ग, शिल्प, चित्र, शस्त्र असे सर्व काही एका छताखाली आणून राज्यकर्त्यांना या देशाची ओळख करून घ्यावयाची होती आणि करूनही द्यावयाची होती.

पुण्यात 1890 मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने जे औद्योगिक संग्रहालय सुरू झाले, त्याचा हेतू काहीसा वेगळा होता. देशी कारागिरी, शेती व उद्योग यांची माहिती लोकांना व्हावी, हा त्यामागील विचार होता. आज घोले रस्त्यावरील हे संग्रहालय महात्मा फुले वस्तुसंग्रहालय या नावाने परिचित आहे. गव्हर्नराचे नाव जाऊन शेतकऱ्यांचा आसूड उचलणाऱ्या समाजसुधारकाचे नाव येणे, हे संग्रहालयाच्या मालकीविषयी बदललेल्या जाणिवेचे द्योतक मानावे लागेल.

घर ते संग्रहालय

लहान विशेष संग्रहालयाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय होय. दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने काव्यलेखन करीत. 1920 च्या सुमारास त्यांनी वस्तू गोळा करण्यास प्रारंभ केला आणि या कार्यात त्यांच्या पत्नी कमलाबाई यांची त्यांना मोलाची साथ लाभली. अकाली निधन पावलेल्या ‘राजा’ या पुत्राच्या स्मरणार्थ त्यांनी या संग्रहास त्याचे नाव दिले. 1962 मध्ये संग्रहालयाची स्थापना झाली आणि 1975 मध्ये केळकरांनी हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज तेथे 20 हजारांहून अधिक वस्तू आहेत. परंतु त्यांपैकी अडीच हजारांच्या आसपासच प्रदर्शनात मांडता येतात.

या संग्रहाचे वेगळेपण वस्तूंच्या निवडीत आहे. केळकरांनी राजेरजवाड्यांच्या सिंहासनांपेक्षा घरातील वस्तूंना महत्त्व दिले. समया, लामणदिवे, अडकित्ते, पाय घासण्याच्या वज्री, कुलपे, गंजिफा, दौती, स्वयंपाकाची भांडी, वाद्ये अशा वस्तूंनी तेथील दालने भरली आहेत. एक अडकित्ता पाहून फारसे काही समजत नाही. मात्र निरनिराळ्या प्रांतांतील अडकित्ते शेजारी शेजारी मांडले की धातू, घडण, हौस आणि ऐपत यांतील फरक आपोआप बोलू लागतो. विशेष संग्रहालयाचे सामर्थ्य या तुलनेत आहे.

संशोधन संस्थांचे संग्रह

दुसऱ्या प्रकारची संग्रहालये संशोधन संस्थांच्या आश्रयाने वाढली. वि. का. राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनी 7 जुलै 1910 रोजी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. गावोगावच्या वाड्यांतील दप्तरे वाळवी, पावसाचे पाणी आणि मालकांची अनास्था यांमुळे नष्ट होत असताना राजवाडे ती मिळविण्यासाठी पायपीट करीत होते. मंडळाकडे कागदपत्रांबरोबरच नाणी, चित्रे, शस्त्रे यांचाही संग्रह होत गेला.

डेक्कन कॉलेजचा इतिहासही या दृष्टीने उद्बोधक आहे. 1821 मध्ये सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेपासून उगम पावलेली ही संस्था 1934 मध्ये बंद पडली आणि 1939 मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून तिचे पुनरुज्जीवन झाले. इतिहास संशोधक द. ब. पारसनीस यांनी साताऱ्यात जमविलेला मराठा इतिहासविषयक संग्रह याच काळात तेथे आला. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली पुरातत्त्व विभाग विकसित झाला आणि उत्खननांत मिळालेल्या वस्तूंचे स्वतंत्र संग्रहालय उभे राहिले. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे 1968 ते 1983 या काळात झालेल्या उत्खननाने ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे जीवन उजेडात आणले. घराच्या जमिनीखाली मडक्यांत केलेली बालकांची दफने आणि चार पायांच्या मातीच्या रांजणातील दफन यांमुळे हे स्थळ विशेष प्रसिद्ध झाले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका खेड्याचे दुःख आणि श्रद्धा या मडक्यांतून समजतात. त्या खेड्याने एक अक्षरही लिहून ठेवलेले नव्हते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

उपेक्षितांची स्मृती

आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 मध्ये पुण्यात स्थापन झाली. तिच्या संग्रहालयात महाराष्ट्रातील आदिवासी जमातींची अवजारे, दागिने, वाद्ये, मुखवटे, घरांच्या प्रतिकृती पाहावयास मिळतात. हा संग्रह मोलाचा असला तरी तो एक प्रश्नही उपस्थित करतो. जे समाज आज नांदते आहेत, त्यांच्या वापरातील वस्तू काचेच्या कपाटात ठेवल्या की ते समाज भूतकाळात जमा झाले, असा समज पाहणाऱ्याच्या मनात निर्माण होऊ शकतो. त्यामुळे अशा दालनात वस्तूबरोबर ती वापरणाऱ्या माणसाचा आजचा प्रश्नही अभ्यासकाने मनाशी ठेवणे इष्ट ठरते.

सेनापती बापट रस्त्यावरील सिंबायोसिस संस्थेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालयात माईसाहेब आंबेडकर यांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या नित्य वापरातील वस्तू जतन केलेल्या आहेत. ज्या समाजाला सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी घेण्याचाही अधिकार नाकारला गेला, त्या समाजाच्या नेत्याचे साधे लेखनसाहित्य आणि कपडे पाहण्यासाठी लोक येतात, ही घटना स्वतःच सामाजिक इतिहासाचा भाग आहे.

छंदातून साकारलेली संग्रहालये

अलीकडच्या काळात वैयक्तिक छंदातूनही संग्रहालये निर्माण झाली. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर बनविलेल्या छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय 1998 मध्ये कोथरूड परिसरात सुरू झाले. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात 2017 मध्ये विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उघडले. वरवर पाहता हे करमणुकीचे विषय वाटतील. परंतु वाहतुकीचा इतिहास लिहिताना सायकलीने कामगार, विद्यार्थी, दूधवाला आणि पोस्टमन यांना दिलेली गती विचारात घ्यावीच लागते.

वस्तूचे मूळ ठिकाण : एक मूलभूत प्रश्न

या सर्व संग्रहालयांच्या संदर्भात एक प्रश्न ग्रामीण अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. वस्तू शहरात आली ती कोठून? खेड्यातील वाड्यातून, देवळातून, बाजारातील मोडीच्या दुकानातून ती शहरात येते. शहरात ती सुरक्षित राहते, हे खरे. मोडीत वितळून जाणारी समई संग्राहकाच्या दृष्टीमुळे वाचली, हे उपकारच मानले पाहिजेत. मात्र या प्रवासात पुष्कळदा गावाचे नाव, वापरणाऱ्याचे नाव आणि वापराची रीत हरवते. कपाटाखालच्या चिठ्ठीवर ‘पितळ, अठरावे शतक’ एवढाच मजकूर उरतो. वस्तू वाचते, तिची साक्ष मात्र अर्धी होते.

मूळ ठिकाण ठाऊक असल्याने काय साधते, याचे उत्तम उदाहरण जालना जिल्ह्यातच आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूत येथील स्तूपांच्या दानलेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांचा उल्लेख आढळतो. शां. भा. देव व रा. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदन येथे उत्खनन केले आणि त्याचा वृत्तांत 1974 मध्ये प्रसिद्ध झाला. या उत्खननात सातवाहन काळातील अवशेषांबरोबर हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग मिळाला.

या लहानशा तुकड्याचे महत्त्व समजण्यासाठी इटलीकडे पाहावे लागते. इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई या नगरात 1938 मध्ये एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. प्रारंभी तिचा संबंध मथुरेच्या शैलीशी जोडला गेला. भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे तिच्याशी साम्य असणाऱ्या मूर्ती मिळाल्यानंतर दख्खनमधील कारागिरीचाही विचार गंभीरपणे होऊ लागला. पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर असल्याने वायव्य भारताचा संबंधही नाकारता येत नाही व हा वाद अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही. मात्र भोकरदनचा तुकडा शास्त्रशुद्ध उत्खननात, ज्ञात थरात मिळाला म्हणूनच त्याला या वादात साक्षीदाराचे स्थान लाभले. तोच तुकडा एखाद्या दुकानातून विकत घेतला गेला असता, तर तो केवळ एक सुंदर वस्तू ठरला असता.

तेरचे उदाहरणही असेच बोलके आहे. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्याच गावच्या मातीतून वर येणाऱ्या वस्तू गावातच जमविल्या. आज त्यांच्या नावाने तेथे शासकीय संग्रहालय आहे. पैठण येथेही बाळासाहेब पाटील यांचा संग्रह अशाच रीतीने शासकीय संग्रहालयाचा आधार झाला. केळकरांनी देशभरच्या वस्तू शहरात आणल्या. लामतुरे यांनी गावची वस्तू गावात ठेवली. दोन्ही कार्ये मोलाचीच आहेत. परंतु दुसऱ्या प्रकारात वस्तू आणि तिची भूमी यांची ताटातूट होत नाही.

अभ्यासभेटीचे स्वरूप

लहान संग्रहालयाची भेट घाईने घेण्याची नसते. एका दिवसात पाच-सहा ठिकाणे उरकण्यापेक्षा दोनच संग्रहालये निवडून प्रत्येकी दोन-तीन तास द्यावेत. विद्यार्थ्याने एकच वस्तू निवडून तिचे रेखाटन करावे. ती कशाची, कोणी बनविली, कोणी वापरली, कोठून आली आणि संग्रहालयात कशी पोहोचली, या पाच प्रश्नांची उत्तरे चिठ्ठीवरून मिळतात का, ते पाहावे. जे उत्तर मिळत नाही, तेच संशोधनाचा विषय होऊ शकते.

याहून महत्त्वाचे काम परतल्यावर सुरू होते. पाटा-वरवंटा, जाते, मोट, पाभर, कणगी, बलुतेदारांची अवजारे या वस्तू गावांत अजूनही अडगळीत सापडतात. त्यांची नावे आणि वापर सांगणारी पिढी मात्र वेगाने कमी होत आहे. वस्तू न हलविताही तिचे छायाचित्र, माप, मालकाने सांगितलेली माहिती व दिनांक नोंदवून ठेवता येतो. जमिनीत सापडणाऱ्या प्राचीन वस्तूंबाबत मात्र 1878 चा निखात निधीविषयक कायदा आणि 1972 चा पुरावशेषविषयक कायदा लागू होतो. म्हणून नांगरटीत नाणी अथवा मूर्ती मिळाल्यास ती विकणे वा घरात ठेवणे टाळून प्रशासनास कळविणे आवश्यक आहे.

समारोप

पुण्यातील लहान संग्रहालये मोठ्या घोषणांतून उभी राहिलेली नाहीत. एका पित्याचा शोक, एका संशोधकाची पायपीट, एका कारागिराचा छंद यांतून ती साकारली. इतरांना क्षुल्लक वाटणारी वस्तू जपण्यायोग्य आहे, असे कोणीतरी वेळेवर ठरविले, हा त्या सर्वांमधील समान धागा होय. मराठवाड्यातील खेड्यांत असा निर्णय घेण्याची वेळ अजून गेलेली नाही. पण ती फार उरलेलीही नाही. शहरातील संग्रहालयातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या घराच्या माळ्यावर नव्या नजरेने पाहिले, तर त्या भेटीचे सार्थक झाले असे म्हणता येईल.