पस्तीस लाखांचा देश आणि चार तारे

फुटबॉल म्हटलं की आपल्याला ब्राझील आठवतो, पेले आठवतो, फार तर मॅराडोना. पण ब्राझील आणि अर्जेंटिना या दोन धटिंगणांच्या शेजारी एक चिमुकला देश अंग चोरून बसला आहे. उरुग्वे त्याचं नाव. लोकसंख्या जेमतेम पस्तीस लाख, म्हणजे आपलं एकटं पुणे शहर समजा. गुरं मात्र माणसांच्या तिपटीहून जास्त! भूगोलाच्या पेपरात मुलं त्याची हमखास पॅराग्वेशी गल्लत करायची. पण फुटबॉलचा पहिला विश्वचषक भरवला कुणी आणि जिंकला कुणी, तर या टीचभर देशाने.

गोष्ट सुरू होते १९२४ साली, पॅरिस ऑलिंपिकमध्ये. बोटीने समुद्र ओलांडून, वाटेत स्पेनमध्ये सामने खेळत ही मंडळी पोचली. युरोपात यांना ओळखतो कोण? किस्सा असा सांगतात की, पहिल्या सामन्याआधी युगोस्लाव्हियाचे हेर यांचा सराव बघायला आले. त्यांना पाहून यांनी मुद्दाम चेंडू वाटेल तिकडे मारले, एकमेकांवर आदळले, धडपडले. हेरांना बिचाऱ्यांची कीवच आली म्हणे. किस्सा खरा असो वा रचलेला, सामन्याचा निकाल मात्र पक्का आहे : उरुग्वे ७, युगोस्लाव्हिया ०. सुवर्णपदक घेऊनच घरी गेले. १९२८ साली ॲमस्टरडॅमला पुन्हा सुवर्ण, तेही शेजारच्या अर्जेंटिनाला हरवून.

मग १९३०. उरुग्वेच्या राज्यघटनेला शंभर वर्षं होत होती, म्हणून पहिला विश्वचषक तिथेच ठरला. पण युरोपातून बोटीने जायचं म्हणजे दोन आठवडे जायला, तेवढेच यायला. बड्याबड्या देशांनी नाकं मुरडली. अखेर युरोपातून आले चारच संघ. त्यातल्या रुमानियाच्या खेळाडूंना नोकरीतून रजा मिळावी म्हणून खुद्द राजा कॅरॉलने शब्द टाकला होता! मॉन्टेव्हिडिओतलं नवं स्टेडियम लग्नघरासारखं शेवटपर्यंत अपुरंच होतं, त्यामुळे पहिले सामने गावातल्या दुसऱ्या मैदानांवर उरकावे लागले.

अंतिम सामना पुन्हा अर्जेंटिनाशी, आणि भांडण कशावरून? तर चेंडू कुणाचा! अगदी आपल्या गल्लीतल्या पोरांसारखं. शेवटी तोडगा निघाला, पहिल्या अर्ध्या वेळात त्यांचा चेंडू, दुसऱ्या अर्ध्यात यांचा. गंमत म्हणजे मध्यंतराला अर्जेंटिना २-१ ने पुढे, आणि आपला चेंडू आल्यावर उरुग्वेचा ४-२ ने विजय. शेवटचा गोल केला एक्तोर कास्त्रो याने. लहानपणी करवतीच्या अपघातात त्याचा एक हात गेला होता. दुसऱ्या दिवशी देशाला राष्ट्रीय सुट्टी!

यानंतरचा मोठा प्रसंग १९५० चा, ब्राझीलमधला. (याच स्पर्धेला आपला भारतही पात्र ठरला होता, पण गेलाच नाही. अनवाणी खेळू देत नव्हते म्हणून गेले नाहीत, ही आपल्याकडची लाडकी कथा. खरं म्हणजे आपल्या मंडळींना तेव्हा ऑलिंपिकच मोठं वाटत होतं. असो.) रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये १६ जुलैला पावणेदोन लाखांवर माणसं जमलेली. ब्राझीलला बरोबरीसुद्धा पुरत होती. मध्यंतरानंतर त्यांनी गोल केला आणि एकच जल्लोष झाला. तेव्हा उरुग्वेचा कप्तान ओब्दुलिओ वारेला चेंडू काखेत मारून पंचांशी वाद घालत बसला. गोल रद्द होणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं, त्याला फक्त तो गलका निवू द्यायचा होता. वर्गात फार गोंगाट झाला की आम्ही शिक्षकही फळ्याकडे तोंड करून गप्प उभे राहायचो, त्यातलाच प्रकार! पुढे स्कियाफिनोने बरोबरी केली आणि ७९ व्या मिनिटाला गिजियाने विजयी गोल. सारं स्टेडियम चिडीचूप. हाच गिजिया बरोबर पासष्ट वर्षांनी, २०१५ च्या १६ जुलैलाच वारला. योगायोग म्हणतात तो हा.

ब्राझीलने त्या पराभवापायी आपला पांढरा पोशाख टाकून दिला. नव्या पोशाखासाठी स्पर्धा ठेवली, त्यातून आजचा प्रसिद्ध पिवळा सदरा आला. तो रेखाटणारा तरुण, आल्दिर श्ली, सीमेवरच्या गावचा, आणि मनातून पाठीराखा कुणाचा? तर उरुग्वेचा!

पण याच गोष्टीची दुसरी बाजू मला विसरता येत नाही. ब्राझीलचा गोलरक्षक बार्बोसा. त्या एका गोलासाठी त्याला २००० साली मरेपर्यंत लोकांनी माफ केलं नाही. आपल्या देशात मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची असते, मी मात्र पन्नास भोगतोय, असं तो म्हणे. आणि जिंकलेला वारेला? तो त्या रात्री रिओच्या गुत्त्यांमधून हिंडला, रडणाऱ्या ब्राझिलियन लोकांच्या शेजारी बसून प्यायला, आणि या भल्या माणसांना आपण हे काय करून बसलो, असं त्याला वाटत राहिलं. विजयाच्या रात्री हरलेल्याच्या शेजारी जाऊन बसणारी माणसं किती असतात हो?

उरुग्वेच्या सदऱ्यावर चार तारे आहेत, दोन ऑलिंपिकचे आणि दोन विश्वचषकांचे. शेवटचा १९५० चा. त्यानंतर हा देश बरीच वर्षं 'आमच्या आजोबांनी तूप खाल्लं, आमच्या हाताचा वास घ्या' असाच जगला. ही खोड आपल्यालाही चांगली परिचयाची आहे. त्यातून त्यांना बाहेर काढायला २००६ साली पुन्हा आला ऑस्कर तबारेझ, मूळचा प्राथमिक शाळेतला मास्तर! सगळा देश त्याला 'एल माएस्त्रो', म्हणजे गुरुजीच म्हणतो. त्याने तारे मोजत बसण्याऐवजी लहान मुलांच्या संघांपासून शिस्तीची घडी बसवली. २०१० च्या विश्वचषकात उरुग्वे चौथा आला आणि २०११ साली अर्जेंटिनाच्या भूमीवर कोपा अमेरिका जिंकला. २०१८ च्या विश्वचषकात सत्तरी ओलांडलेले, आजाराने पाय थकलेले हे गुरुजी काठी टेकत मैदानाच्या कडेला उभे होते.

पूर्वजांचा पराक्रम भिंतीवर टांगायला ठीक आहे, पण पोरांना पाढे मात्र पहिल्यापासूनच शिकवावे लागतात. ते काम शेवटी मास्तराच्याच वाट्याला येतं, मग देश पस्तीस लाखांचा असो नाहीतर एकशे चाळीस कोटींचा.