फ्लेमिंगचा मिस्टर एक्स आणि त्याचा घसा

आज गोष्ट सांगते एका घसा दुखणाऱ्या माणसाची. हा माणूस काल्पनिक आहे, पण त्याची गोष्ट रचणारा खरा आहे. तो म्हणजे पेनिसिलिन शोधणारा अलेक्झांडर फ्लेमिंग.

११ डिसेंबर १९४५, स्टॉकहोम. फ्लेमिंगचं नोबेल व्याख्यान चालू आहे. सगळं जग या औषधाला चमत्कार म्हणतंय, आणि हा गृहस्थ शेवटी एक किस्सा सांगतो. मिस्टर एक्सचा घसा दुखतो. तो पेनिसिलिन विकत आणतो आणि मनानेच थोडंसं घेतो. घशातले स्ट्रेप्टोकोकस जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जंतू बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिनचा उपयोग होत नाही आणि ती जाते. जबाबदार कोण? फ्लेमिंग म्हणतो, मिस्टर एक्स!

आता खरी गंमत ऐका. घसा सुजवणारा ‘ग्रुप ए’ स्ट्रेप्टोकोकस आजही पेनिसिलिनने मरतो. ऐंशी वर्षं झाली तरी! असं का, याचं पूर्ण उत्तर शास्त्रज्ञ अजून शोधतायत. आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला तो पेनिसिलिनसाठीच. म्हणजे जुनं, स्वस्त औषध अजून चालतंय.

मग फ्लेमिंग चुकला का? जंतूंना कोणी ‘शिकवत’ नाही, हे खरं. औषधाने कच्चे जंतू मरतात, मुळातच वेगळे असलेले थोडे उरतात आणि तेच वाढतात. पण मिस्टर एक्सची चूक आपण दुसऱ्या औषधाबाबत तंतोतंत केली.

ते औषध म्हणजे एरिथ्रोमायसिन. ते १९५२ साली बाजारात आलं. त्याचा धाकटा भाऊ अ‍ॅझिथ्रोमायसिन, १९८० साली झाग्रेबमध्ये तयार झालेला. दिवसाला एक गोळी, तीन दिवसांत कोर्स संपला. सोपं, म्हणून लोकप्रिय. ही औषधं जंतूच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेला, म्हणजे रायबोसोमला, चिकटून ती बंद पाडतात. काही जंतूंकडे असा जीन असतो की तो चिकटायची जागाच बदलून टाकतो. वर हा जीन एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो.

२००७ साली बेल्जियममधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. धडधाकट लोकांना अ‍ॅझिथ्रोमायसिनचा छोटा कोर्स दिला आणि त्यांच्या घशातले निरुपद्रवी स्ट्रेप्टोकोकस तपासले. औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंचं प्रमाण एकदम वाढलं, आणि तो परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसत होता. मला हे वाचून धक्का बसला. तीन गोळ्या, आणि घशात सहा महिन्यांचा पाहुणचार!

पण ही गोष्ट उलटीही फिरते. फिनलंडमध्ये एरिथ्रोमायसिनला न जुमानणारे घशाचे जंतू वाढले, तेव्हा १९९१-९२ मध्ये डॉक्टरांना सांगण्यात आलं की ही औषधं जपून लिहा. एका वर्षात वापर जवळजवळ निम्म्यावर आला. १९९२ साली १६.५ टक्के जंतू दाद देत नव्हते, १९९६ साली ते प्रमाण ८.६ टक्के झालं. नवं औषध शोधलं नाही, फक्त हात आखडता घेतला.

म्हणून घसा दुखला की मेडिकलवाल्याला “एक पट्टी द्या” म्हणायच्या आधी थांबा. बहुतेक वेळा घसा व्हायरसने दुखतो आणि व्हायरसवर अँटिबायोटिक चालतच नाही. पण ताप आहे, गिळता येत नाही, खोकला मात्र नाही, असं असेल तर, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, डॉक्टरकडे जाच. स्ट्रेप्टोकोकसकडे दुर्लक्ष केलं तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. डॉक्टरांनी पेनिसिलिन गटातलं औषध दहा दिवस लिहिलं, तर चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडू नका.

मिस्टर एक्सला फ्लेमिंगने नाव दिलं नाही. त्या जागी कोणाचंही नाव बसतं, माझंही आणि तुमचंही. भेटू पुढच्या भागात!