गुणगुण, व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरची

व्हॉल्व्हवर (निर्वात नळ्यांवर) चालणारा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर, रेडिओ संच किंवा लाऊडस्पीकरची मशीन सुरू केल्यावर, व्हॉल्व्ह पुरते तापेपर्यंत स्पीकरमधून येणारा खर्जातला सलग आवाज. मेकॅनिक त्याला ‘हम’ म्हणतात. अर्ध्या-एक मिनिटात हा आवाज ओसरत असेल तर तो बिघाड नव्हे. त्याच जोराने टिकून राहिला किंवा वाढत गेला, तर मात्र मशीन उघडावी लागते.

कारणे : व्हॉल्व्हमधला कॅथोड तापल्याखेरीज इलेक्ट्रॉन सोडत नाही. फ्लेमिंग यांच्या १९०४ च्या डायोडपासून हे तत्त्व बदललेले नाही. कॅथोड तापवण्यासाठी त्याच्या पोटात हीटरची तार असते आणि तिला बहुधा ६.३ व्होल्टचा एसी प्रवाह दिलेला असतो. भारतात हा प्रवाह ५० हर्ट्झचा. हीटरच्या वायरी व्हॉल्व्हच्या ग्रिडजवळून गेल्या, किंवा हीटर व कॅथोड यांमधले रोधन कमकुवत झाले, की ५० हर्ट्झचा स्वर थेट आवाजात शिरतो. दुसरा स्रोत म्हणजे एसीचा डीसी करताना उरणारी लहर. पूर्णतरंगी रेक्टिफायरमध्ये ती १०० हर्ट्झची असते. गिटारची सर्वांत जाड तार ८२.४ आणि तिच्यानंतरची ११० हर्ट्झवर लावतात. ही लहर नेमकी त्या दोहोंच्या मध्ये बसते आणि सुरेल कानाला जास्तच टोचते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्याने तिकडची लहर १२० ची.

तापतानाच ही गुणगुण का चढते, हा खरा प्रश्न. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शेवटचे दोन व्हॉल्व्ह (ईएल ३४ किंवा ६एल६) पुश-पुल पद्धतीने जोडलेले असतात. पुरवठ्यातली लहर दोघांतून सारखीच वाहते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकींना छेदून जाते. मात्र दोन्ही व्हॉल्व्ह एकाच क्षणी तापत नाहीत. एक आधी वाहू लागतो, दुसरा मागून येतो, आणि मधल्या काही सेकंदांत ही वजाबाकी अपुरी राहते. शिवाय आउटपुटकडून मागे दिलेला ऋण पुनर्भरणाचा फेरा आधीचे व्हॉल्व्ह जागे झाल्यावरच पुरा होतो, तोवर गुणगुण दाबायला कोणी नसते. ५यू४ सारखा थेट तापणारा रेक्टिफायर दोन-चार सेकंदांत विजेचा दाब सोडतो, जीझेड ३४ सावकाश सोडतो. त्यामुळे दोन मशिनींची सुरुवात एकसारखी ऐकू येत नाही. एकाच आउटपुट व्हॉल्व्हच्या लहान अ‍ॅम्प्लिफायरमध्ये छेद देणारा जोडीदारच नाही, म्हणून थोडी गुणगुण कायम राहते. ती त्या रचनेची जात आहे, दोष नव्हे.

ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांची भुणभुण वेगळी. ती स्पीकरमधून येत नाही, पेटीला कान लावल्यावर कळते.

एसी-डीसी संच : काही शहरांत डीसी वीज असण्याच्या काळात दोन्हींवर चालणारे रेडिओ पुष्कळ खपले. त्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो. यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूएल ८४, यूवाय ८५ असे व्हॉल्व्ह हीटरच्या एकाच माळेत ओवलेले असतात. गुणगुण कमी राहावी म्हणून लहान आवाज हाताळणारा व्हॉल्व्ह माळेच्या चासीकडच्या (धातूच्या सांगाड्याकडच्या) टोकाला ठेवत. अर्धतरंगी रेक्टिफायरमुळे इथली लहर ५० हर्ट्झची. दोन पिनांचा प्लग उलटा लावला की गुणगुण कमी किंवा जास्त होते, हे घरोघरी माहीत होते. चासी विजेच्या एका तारेला जोडलेली असल्याने प्लग उलटताना ती जिवंत होऊ शकते, हे तितकेसे माहीत नव्हते.

सौंसर-पांढुर्णा परिसर : इथल्या गुणगुणीला रेडिओ आणि वीज यांचा स्थानिक संदर्भ आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मराठी पट्टा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा काढलेला पांढुर्णा जिल्हा याच दोन तालुक्यांचा. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, तरी रेडिओवरची मराठी नागपूरहूनच येत राहिली. तिथले आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. सौंसरहून नागपूर साठेक किलोमीटर. सुट्या भागांसाठीही नागपुरातल्या बर्डी बाजाराचीच वाट.

वीज नसलेल्या खेड्यांत बॅटरीचे व्हॉल्व्ह रेडिओ असत. डीके ९६, डीएल ९६ मालिकेतले व्हॉल्व्ह १.४ व्होल्टच्या तारेवर चालत आणि उच्च दाबासाठी ९० व्होल्टची कोरडी बॅटरी लागे. तार थेट तापत असल्याने संच बटण फिरवताच बोले, आणि प्रवाह शुद्ध डीसी असल्याने गुणगुण नसे. गावात विजेचे खांब आले आणि रेडिओ घरघरू लागला, असे म्हणायला हरकत नाही.

या भागात विजेच्या कमी दाबाचा विचार वेगळा करावा लागतो. संत्र्याच्या बागांतले पंप एकाच वेळी सुरू झाले की दाब उतरतो. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर हीटरला ६.३ ऐवजी जेमतेम ५.२ व्होल्ट पोचतात. व्हॉल्व्ह तापायला उशीर लागतो आणि गुणगुणीचा काळ लांबतो. अशा वेळी व्हॉल्व्ह बदलणे म्हणजे पैसे वाया. आधी मीटर लावून दाब पाहावा.

लाऊडस्पीकरवाल्यांना या गुणगुणीची फारशी तक्रार नसे, कारण भोंगा. पत्र्याचा भोंगा साधारण २५०-३०० हर्ट्झच्या खालचे स्वर जवळपास गिळतो. तीच मशीन कागदी शंकूच्या पेटीला जोडली की दडलेला ‘हम’ बाहेर येतो, आणि दोष पेटीवर येतो.

गिटार : हिंदी चित्रपटसंगीतात विजेची गिटार व्हॅन शिप्ले, हजारा सिंग या वादकांमुळे रुळली. गिटारच्या एकेरी वेटोळ्याच्या पिकअपमधून येणारी गुणगुण अ‍ॅम्प्लिफायरची नसते. तिच्यावर अभियंते सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दुहेरी वेटोळ्याचा उतारा काढला.

निदान : व्हॉल्यूम शून्यावर आणावा. गुणगुण गेली तर दोष पहिल्या व्हॉल्व्हच्या बाजूला, बहुधा ईसीसी ८३ मध्ये. तशीच राहिली तर पुरवठा किंवा आउटपुट तपासावे. मशीन तापल्यानंतरही १०० हर्ट्झचा जाड आवाज राहिला, तर फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेले असतात. वर्षानुवर्षे बंद पडलेल्या मशिनीत ते आतून उतरलेलेही असतात, म्हणून तिला एकदम पूर्ण दाब देऊ नये, हळूहळू चढवावा. आवाज वाढत जाऊन आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट लाल दिसू लागली तर ताबडतोब बंद करावे. हीटरची गुणगुण कमी करण्यासाठी वायरींना पीळ देतात आणि दोन १०० ओहमच्या रोधांनी हीटरचा मध्य अर्थ करतात. ईएफ ८६ मध्ये हीटरची तारच दुहेरी गुंडाळलेली असते. उच्च दाब मागाहून देणाऱ्या स्टँडबाय स्विचने व्हॉल्व्हचे आयुष्य वाढते की नाही, याबाबत जाणकारांत एकमत नाही.

सुरक्षितता : बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये ३०० ते ४५० व्होल्ट उरू शकतात.

सद्यःस्थिती : बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह तयार होऊ लागले. ट्रान्झिस्टरने ती गरज संपवली. तिथले न वापरलेले जुने व्हॉल्व्ह आता परदेशातले गिटारवादकही विकत घेतात. नवे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात, आणि भारतात ते आयातच करावे लागतात.