बाप पायऱ्या उतरून आला : रेम्ब्रांटचे एक छोटे मुद्राचित्र

#थ्रेड

१/ बाप हयात असतानाच धाकटा मुलगा वाटणी मागतो. मिळालेले धन परमुलखात उधळतो, दुष्काळात डुकरे राखण्याची पाळी येते आणि अखेर तो घराकडे वळतो. लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायात येशूने सांगितलेला हा उधळ्या पुत्राचा दृष्टान्त. डच चित्रकार रेम्ब्रांटने त्यातील परतीचा क्षण १६३६ साली तांब्याच्या पत्र्यावर उमटवला. आकार सुमारे १५.६ × १३.६ सेंमी, म्हणजे वहीच्या पानाहूनही लहान.

२/ एवढे लहान का? १५६६ च्या मूर्तिभंजनानंतर नेदरलँड्समधील सुधारित पंथाच्या चर्चमध्ये धार्मिक चित्रांना स्थान उरले नव्हते. बायबलमधील प्रसंग मग घरात आले: भिंतीवर, आणि संग्राहकांच्या चित्रपोथ्यांत. असे चित्र हातात धरून, जवळून पाहायचे असे.

३/ तंत्र थोडक्यात. पत्र्यावर मेण-राळेचा लेप द्यायचा, सुईने त्यावर रेखाटायचे आणि पत्रा आम्लात बुडवायचा. लेप निघालेल्या जागी आम्ल तांबे खाते. त्या खाचांत शाई भरून ओलसर कागद दाबला की चित्र उमटते, पण उलटे. म्हणून स्वाक्षरीदेखील पत्र्यावर आरशातल्यासारखी लिहावी लागते.

४/ मधली जोडी रेम्ब्रांटची स्वतःची कल्पना नव्हे. हार्लेमच्या मार्टेन व्हॅन हेमस्कर्कने सोळाव्या शतकाच्या मध्यास याच प्रसंगाचे लाकडी ठशाचे चित्र केले होते. रचना तिथून आली. यात चोरी नाही, त्या काळी शिकण्याची रीतच ती होती. पण हेमस्कर्क रोम पाहून आलेला, त्याची माणसे पिळदार देहाची. रेम्ब्रांटचा मुलगा मात्र उपासमारीने खंगलेला, अंगावर चिंध्या, चेहरा वेदनेने इतका पिळवटलेला की पाहणाऱ्याला तो कुरूपच वाटावा. सुंदर पश्चात्ताप त्याला नको होता, असे मला वाटते.

५/ आता बापाकडे पाहा. तो दारात उभा राहून मुलाची वाट पाहत नाही. पायऱ्या उतरून खाली आला आहे आणि गुडघे टेकलेल्या मुलावर ओणवला आहे. मुलाची काठी जमिनीवर पडली आहे. मागून चाकर कपडे आणि पादत्राणे घेऊन उतरत आहेत. वर एक स्त्री खिडकीची झडप उघडून डोकावते. घरातली बातमी अशीच पसरते!

६/ मूळ कथेत मुलगा वाटेत बोलणे घोकून ठेवतो: पाप झाले, पुत्र म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला मजूर म्हणून ठेवा. बाप मात्र त्याने तोंड उघडण्याआधीच धावत येऊन मिठी मारतो आणि प्रचलित पाठांत मजुरीची विनवणी मुलाच्या तोंडून येतच नाही. सलोखा आधी, कबुली नंतर. चित्रातला क्रम तोच आहे.

७/ एक सावधगिरी. रेम्ब्रांटचा पहिला मुलगा रुम्बार्टुस डिसेंबर १६३५ मध्ये जन्मला आणि फेब्रुवारी १६३६ मध्ये दफन झाला. त्या शोकातूनच हे चित्र आले, असे म्हणण्याचा मोह होतो. तारखा जवळच्या आहेत, एवढेच खरे. त्याच्या मनात काय होते, हे तारखा सांगत नाहीत.

८/ आयुष्याच्या अखेरीस, सुमारे १६६८ मध्ये, तो पुन्हा याच कथेकडे वळला. ते भव्य तैलचित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. तिथे धावपळ नाही. वृद्ध बापाचे दोन हात मुलाच्या पाठीवर स्थिरावले आहेत. बाजूला ताठ उभा असलेला पुरुष हा थोरला भाऊ, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

९/ १६३६ च्या चित्रात हा थोरला ठळकपणे कुठेच नाही. कथेत तो त्या वेळी शेतात असतो. परतल्यावर घरातले गाणे-बजावणे ऐकून रागावतो आणि आत यायचे नाकारतो. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो. तो आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही.