आनेकल परिसरातील अश्वत्थकट्टे व नागशिळा

कर्नाटकातील बंगळूर शहर जिल्ह्याच्या आनेकल तालुक्यातील पारंपरिक वृक्षस्थाने व तेथील लोकशिल्पे. आनेकल हे तालुक्याचे ठिकाण बंगळूरच्या आग्नेयेस सु. ३५ किमी.वर तमिळनाडूच्या सीमेजवळ असून बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यानाचा काही भाग याच तालुक्यात मोडतो.

पिंपळ व कडुनिंब शेजारीशेजारी लावून भोवती दगडी चौथरा बांधला, की अश्वत्थकट्टा तयार होतो. पिंपळाची मुंज करून कडुनिंबाशी त्याचे लग्न लावण्याची प्रथा दक्षिण कर्नाटकात आहे. महाराष्ट्रातील पाराप्रमाणे गावबैठक, निवाडे व दुपारचा विसावा यांचीही हीच जागा.

कट्ट्यावर बुंध्यालगत नागशिळा (कन्नड : नागरकल्लु) ओळीने उभ्या असतात. त्या सामान्यतः स्थानिक ग्रॅनाइट वा पट्टिताश्माच्या असून माथ्याकडे गोलाकार घडविलेल्या असतात. वेटोळ्यावर फणा उभारलेला एकटा नाग, पाच किंवा सात फण्यांचा नाग, कमरेपासून वर स्त्रीरूप असलेली नागीण आणि परस्परांत गुंतलेली नागांची जोडी हे नेहमीचे प्रकार. जोडीच्या शिळेत पिळांमुळे पडलेल्या पोकळीत बहुधा शिवलिंग कोरतात. हळदकुंकवाच्या थरांखाली फण्यांवरील बारीक रेघा बुजतात. हात फिरविल्यावर त्या जाणवतात.

अपत्यप्राप्तीसाठी किंवा सर्पदोष निवारणासाठी केलेल्या नवसातून शिळा बसविल्या जातात. प्रतिष्ठेपूर्वी शिळा काही काळ पाण्यात ठेवण्याची रीत आहे. नागपंचमीला व मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला दूध घालून पूजा होते; महाराष्ट्रात हीच तिथी खंडोबाची चंपाषष्ठी असते. स्त्रिया पिंपळाला सूत गुंडाळून प्रदक्षिणा घालतात.

तालुक्यातील शिलालेख बी. एल. राइस यांनी एपिग्राफिया कर्नाटिकाच्या नवव्या खंडात (१९०५) संकलित केले. नागशिळांवर मात्र सहसा लेख नसल्याने त्यांचा काळ निश्चित करता येत नाही.

तालुक्यातील होसूर महामार्ग, अत्तिबेले, जिगणी व चंदापुर या पट्ट्यात कारखाने आणि निवासी संकुले वाढली आहेत. पूज्य वृक्षावर कुऱ्हाड चालविण्यास लोक कचरतात, त्यामुळे बंगळूर परिसरात दाट वस्तीतही कट्ट्यांवरील जुने पिंपळ टिकलेले दिसतात. रस्ता रुंदीकरणात झाड गेल्यास शिळा देवळाच्या आवारात हलविता येतात. पिंपळ-कडुनिंबाची जोडी मात्र नव्याने लावून वाढवावी लागते.